मदत हवी आहे: म्हाताऱ्या घोडीचे केस लई दाट झालेत, कापू का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. आमची घोडी 22 वर्षांची आहे, पूर्वी वरातीला जायची, आता दारातच असते. यंदा एवढे दाट केस आलेत की खरारा केला तरी दाते कातडीपर्यंत पोचत नाहीत, आणि आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटेपुरतीच, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतही दुपारी चांगलंच ऊन असतं, मग छातीवर, मानेखाली घामानं केस चिकटतात आणि सांजेला तेच ओलं अंग गार पडतं. मशीननं फक्त मान, छाती, पोटाखालचे केस काढून पाठ तशीच ठेवली तर चालेल का? रात्री झूल टाकेन.

दुसरं म्हणजे पोटावरचे केस कुरळे झालेत अन पाणीपण जास्त पितेय. म्हाताऱ्या घोड्यांना कुशिंग हा हार्मोनचा आजार होतो, त्यात केस वेळेवर गळत नाहीत, खुरं दुखून लंगडतात, गोडानं ते वाढतं, म्हणून गूळ आधीच बंद केलाय. डॉक्टरांकडून रक्ताची एसीटीएच टेस्ट (कुशिंगमध्ये वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी) करून घ्यायचीये, सोलापूर किंवा पुण्यात सॅम्पल कुठं घेतात? आणि त्यावरची परगोलाइडची गोळी कुणी चालू केली असेल तर सुरुवातीला घोड्याचं खाणं कमी झालं का, प्लीज सांगा.