ओझूच्या चौकटीत पंचवटीतला वाडा: कॅमेरा नेमका किती उंचीवर?

गोदाकाठ:
नाशिकमध्ये जपानी चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझूवर दोन दिवसांची कार्यशाळा घेतोय. शनिवारी 'टोकियो स्टोरी' (१९५३) बघायचा आणि रविवारी पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दोन मिनिटांचा संवाद त्याच्या पद्धतीने शूट करायचा. सासरे आणि सून, मध्ये चहा. एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आणि ५० एमएम लेन्स आहे. चाचणीत तीन गोष्टी बिनसल्या. दहा फुटी माजघरात फ्रेम फार अडकून बसते, कॅमेरा खाली घेतला की सासरे खलनायक दिसतात, आणि शॉट जोडल्यावर दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटत नाही. शिवाय, ट्रॉली, म्हणजे कॅमेरा सरकवत शॉट घेणं, वर्ज्यच ना?

पाटपाणी:
आधी खलनायकाचं बघू. कॅमेरा खाली घेऊन तुम्ही तो वर तिरका केला असणार. ओझूचा कॅमेरा खाली असतो, पण जवळजवळ सपाट बघतो. माणूस बसलेला असेल तर जमिनीपासून दीड फुटावर ठेवा, म्हणजे डोळ्यांच्या बराच खाली, आणि पाणसळ लावून सरळ करा. डोकं कापलं जात असेल तर कॅमेरा मागे न्या, वर वळवू नका. हा दीड फूट काही मंत्र नाही. माणूस उभा राहिला की ओझू कॅमेराही उचलतो, फक्त त्याच्या नजरेच्या खाली ठेवतो. साधा ट्रायपॉड एवढा खाली येत नाही. पाटावर वाळूची पिशवी आणि तिच्यावर कॅमेरा, काम होतं.

लेन्स योग्य आहे. ओझू ५० एमएमलाच चिकटून राहिला. त्याच्या ३५ एमएम फिल्मची चौकट साधारण २२ बाय १६ मिलिमीटर, एपीएस-सी त्याच्या जवळपास. (फुल फ्रेम असता तर ७५ लागली असती. इथे बरेच जण फसतात.) ओझूच्या चौकटीच्या प्रमाणात, म्हणजे १.३७:१ ला, क्रॉप केलंत तर दहा फुटांवरून जेमतेम सव्वा मीटर रुंदी मिळते, चार मीटरवरून एक मीटर सत्तर. म्हणून माजघरात उभं राहून हा शॉट होणारच नाही. कॅमेरा ओसरीवर न्या आणि दारातून आत बघा. ओझूच्या चौकटीही अशाच असतात, एका खोलीपलीकडे दुसरी, दोन्ही कडांना सरकत्या दारांच्या उभ्या रेघा.

फक्त उंबरठा सांभाळा. जपानी घरात सरकत्या दाराची खाच जमिनीलगत असते, आपला उंबरठा चांगला वीतभर उंच. दीड फुटावरून तो नेमका चहाच्या कपांवर येतो. कॅमेरा चार-पाच इंच उचला किंवा कप चौरंगावर ठेवा. मी चौरंग निवडेन.

तिसरी_घंटा:
नजरेचा घोळ पुसायला जाऊ नका, तोच ओझू आहे. रूढ नियमाप्रमाणे सासरे लेन्सच्या उजवीकडे बघत असतील तर सून डावीकडे बघते. ओझू दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने सरळ ओलांडतो, त्यामुळे दोघंही लेन्सच्या एकाच बाजूला बघतात. तुमच्याकडे हे अर्धवट झालं असेल, एकाची नजर लेन्सजवळ आणि दुसऱ्याची लांब. दोघांना लेन्सच्या उजव्या कडेपासून चार बोटांवर एकच खूण द्या.

दुसरी अट आकाराची. मॉनिटरवर चिकटपट्टीने डोळ्यांची रेघ आणि हनुवटी आखा. सुनेचा चेहरा त्याच जागी, तेवढाच हवा. मग कट खटकत नाही. आणि वाक्य पूर्ण संपल्यावरच कापा, बोलणाऱ्याच्या वाक्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा टाकू नका.

कप शॉटगणिक सरकवायला हरकत नाही. 'इक्विनॉक्स फ्लॉवर'मधली (१९५८, त्याचा पहिला रंगीत चित्रपट) लाल किटली बघा, चौकटीला हवी तिथे जाऊन बसते. रंग आगफा कंपनीच्या फिल्मचे, लाल त्यातच मनासारखा येई.

पन्नासएमएम:
ट्रॉलीबद्दल. रंगीत चित्रपटांत कॅमेरा हलत नाही हे खरं. पण 'आय वॉज बॉर्न, बट...' (१९३२) या मूकपटात तो चांगला फिरतो, 'अर्ली समर'मध्ये (१९५१) एक क्रेन शॉट आहे, आणि 'टोकियो स्टोरी'तच टोकियोतल्या उएनोला भिंतीच्या कडेने सरकत तो बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यापर्यंत जातो. शनिवारी तो दाखवून थांबा, 'ओझू म्हणजे स्थिर कॅमेरा' हे पाठांतर तिथेच मोडेल.

ओळख करून देताना एवढं पुरे: जन्म १२ डिसेंबर १९०३, टोकियो. १९२३ मध्ये शोचिकू स्टुडिओत कॅमेरा सहायक, १९२७ मध्ये पहिला चित्रपट. पटकथेला कोगो नोदा, कॅमेऱ्याला युहारू अत्सुता, ही माणसं वर्षानुवर्षं तीच. 'टोकियो स्टोरी'तला म्हातारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, हे चित्रपट संपल्यावर सांगा. ओझू गेला १२ डिसेंबर १९६३ ला, साठाव्या वाढदिवशी. कामाकुरा शहरातल्या थडग्यावर नाव नाही, फक्त 'मु' हे अक्षर, म्हणजे शून्य, काही नसणं.

गोदाकाठ:
ओसरीवरून आज बघितलं, अंतर साडेचार मीटर मिळतंय. पण चौकातलं ऊन मागे पांढरं फटक होतंय.

पाटपाणी:
चौक फ्रेममध्ये नकोच. चौकाकडे पाठ करून आत बघा, तोच उजेड चेहऱ्यावर मऊ पडेल. सकाळी नऊच्या आत उरका. आणि शनिवारी प्रोजेक्टर 'फुल'वर (चित्र पडदाभर ताणून) ठेवू नका, चेहरे पसरतात. १९२० बाय १०८० मध्ये चित्र साधारण १४८० पिक्सेलच रुंद हवं, दोन्हीकडे २२० काळे. कोणीतरी उठून 'पडदा भरत नाही' म्हणेलच, रिमोट खिशात ठेवा.