दृढीकरणाला मुलगा तयार नाही. आग्रह धरावा का?

भुसावळची आई
माझे माहेर छिंदवाड्याकडील लूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतील, ख्रिस्ती मंडळीतले. यजमान रेल्वेत असल्यामुळे संसार भुसावळात आहे. थोरल्याचा बाप्तिस्मा तो तान्हा असतानाच माहेरी झाला. आता तो चौदा वर्षांचा आहे आणि यंदा त्याचे दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, उरकावे, असा माझ्या आईचा हट्ट आहे. त्याचे नंदुरबारकडचे काही मित्र ज्या मंडळ्यांत जातात, तिथे समज आल्यावर स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतात. त्यामुळे आपला बाप्तिस्मा अपुरा राहिला असून दृढीकरण ही त्याची भरपाई आहे, असे त्याला वाटू लागले आहे. त्याला काय सांगावे?

निवृत्त शिक्षक, जळगाव
ताई, भरपाई हा शब्द त्याच्या मनातून आधी काढून टाका. लूथरने १५२० मध्येच दृढीकरणाला ख्रिस्ताने नेमलेला संस्कार मानण्याचे नाकारले, कारण त्याला ख्रिस्ताच्या वचनाचा आधार सापडत नाही. बाप्तिस्मा हे देवाचे कार्य आहे, आणि तान्ह्या बाळाला काही कळत नव्हते म्हणून ते अर्धवट राहत नाही. राहते ते शिक्षण. लूथरच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचे थोडक्यात विधान), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकरी व द्राक्षारसाचा विधी) यांचा अर्थ प्रश्नोत्तरांतून उलगडला आहे, आणि घरातील कर्त्याने तो आपल्या माणसांना शिकवावा अशी तिथे अपेक्षा आहे. म्हणजे पाळकसाहेबांच्या वर्गाची वाट न पाहता तुम्ही उद्यापासून सुरुवात करू शकता. या शिक्षणानंतर मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली देणे, हेच दृढीकरण.

धुळेकर
सरांचे म्हणणे मान्य आहे. पण वयाचा आग्रह मला पटत नाही. डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात १७३६ मध्ये दृढीकरण कायद्याने सक्तीचे झाले आणि त्यावाचून लग्नसुद्धा करता येईना. अशा ठिकाणी विधी विश्वासाचा राहिला की वयात आल्याच्या दाखल्याचा, हे ज्याने त्याने ठरवावे. आजही युरोपात चौदा-पंधराव्या वर्षी भेटवस्तू आणि मेजवानीसाठी तो करून घेणारी मुले आहेत. नवे कपडे आणि नातेवाइकांची पंगत आपल्याकडेही असतेच, म्हणून त्यांना नावे ठेवत नाही. एवढेच म्हणेन की आजीचा उत्साह आणि नातवाची कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भुसावळची आई
सरांचा खुलासा त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बाप्तिस्म्याचे पटले, पण माझ्या मनात शंका असताना सगळ्यांसमोर 'मी विश्वास ठेवतो' असे म्हणणे खोटेपणा ठरेल." त्याचे हे बोलणे मला चुकीचेही वाटत नाही.

निवृत्त शिक्षक, जळगाव
चुकीचे नाहीच, न समजता घडाघडा पाठ म्हणणाऱ्या मुलापेक्षा मला हा मुलगा अधिक आशादायक वाटतो. त्याच्यापुढे प्रश्नोत्तरीतील विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या कलमाचे स्पष्टीकरण ठेवा. मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, तर पवित्र आत्म्याने मला सुवार्तेद्वारे बोलावले आहे, असा त्याचा आशय आहे. कबुली देणारा स्वतःच्या खात्रीची हमी देत नसतो. ज्याने बोलावले त्याच्यावर तो भिस्त ठेवतो. हे समजल्यावरही त्याचे मन तयार झाले नाही, तर खुशाल वर्षभर थांबा. अनेक लूथरन मंडळ्यांत आता दृढीकरणापूर्वीही प्रभुभोजन देतात; तुमच्या पाळकसाहेबांची पद्धत काय आहे ते विचारून घ्या, म्हणजे थांबल्यामुळे तो प्रभुभोजनापासून दूर राहील का, हे कळेल. आजींना मात्र तुम्हीच समजवा; तिथे आमचे काही चालणार नाही.