आय-७० हायवेवर डिसेंबरात धुळीचं वादळ??

पाटीपेन्सिल: उद्या डेन्व्हरहून कॅन्सस सिटीला गाडीने निघायचंय आणि फोनवर हाय विंड वॉर्निंग आलीये, सोबत ब्लोइंग डस्ट. थंडीत बर्फाची भीती समजू शकतो पण धूळ कुठून आली मधेच? वळवाच्या आधी सुटतो तसा वारा असेल तर अर्धा तास थांबून पुढे जाता येईल ना?

वातकुक्कुट: अर्धा तास नाही हो, हे दिवसभर चालतं. हिवाळ्यात जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) जोरात असतो, रॉकीजच्या पूर्वेला कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, डोंगरावरून खाली येणारी हवा कोरडी होत जाते आणि दुपारी ऊन तापलं की वरचा वारा जमिनीपर्यंत उतरतो. त्यात बर्फ नाही, पाऊस नाही, गहू शरदात पेरलेला म्हणजे जेमतेम उगवलेला, मग माती धरून ठेवणार कोण? १५ डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोतल्या लामारला ताशी १०७ मैलांचा झोत नोंदला गेला, कॅन्ससातल्या रसेलला १००, आय-७० पश्चिम कॅन्ससात बंद, आणि वर रसेलच्या बाजूला गवत पेटलं ते वेगळंच.

बिनघाई: मी तर म्हणेन एक दिवस पुढे ढकला. मार्च २०२५ मध्ये पश्चिम कॅन्ससातल्या गुडलंडजवळ याच रस्त्यावर धुळीत सत्तरच्या वर गाड्या एकमेकांवर आदळल्या, ८ माणसं गेली. आणि अडकलातच तर रस्त्यावर थांबू नका, जमेल तेवढं रस्त्यापासून लांब जा, सगळे लाइट बंद, पार्किंग ब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा.

पाटीपेन्सिल: हॅझर्ड लाइट पण बंद?? उलट दिसायला नको का आपण?

बिनघाई: तिथेच तर घोळ होतो. मागच्याला काहीच दिसत नसतं, तुमचा लाल दिवा दिसला की त्याला वाटतं पुढची गाडी चाललीये म्हणजे रस्ता तिकडेच आहे, आणि तो सरळ तुमच्यावर येतो. ब्रेकवर पाय असला तरी दिवा लागतोच म्हणून पाय काढायचा.

वातकुक्कुट: +१. मागे ट्रेलर असेल तर विषयच संपला, वारा आडवा लागतो. अंधार पडल्यावर बऱ्याचदा कमी होतो पण कोल्ड फ्रंट (थंड हवेची आघाडी) रात्री येणार असेल तर तेही नाही, तेव्हा हवामान खात्याच्या गुडलंड ऑफिसचं फोरकास्ट वाचा आणि निघण्याआधी कॅनड्राइव्हवर (कॅन्ससच्या रस्त्यांची माहिती देणारी साइट) रस्ता चालू आहे का बघा.

पाटीपेन्सिल: ओके, परवा निघतो. बायको आधीपासून हेच म्हणत होती 😐