चर्चा: दुसरीतल्या मुलाने ६३ ला ‘साठ तीन’ म्हटलं तर चालेल का?

कन्नमवारनगर (धागा)

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ चं वाचन ‘वीस एक’, ६३ चं ‘साठ तीन’ असं आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेतही विषय गाजला. नेहमीची नावं पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती, तरी ‘मराठीची वाट लावली’ अशी ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली होती: जोडाक्षरांनी भरलेली नावं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडतो. ती बाजू फार थोड्यांनी ऐकून घेतली.

मी विक्रोळीत प्राथमिकच्या मुलांच्या शिकवण्या घेते. पुस्तक बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे.

मुलांना ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगा. चारपाच जणं तरी ३६ लिहितात. माझ्याकडची एक मुलगी आधी ३ काढते, मग त्याच्या डावीकडे जागा ठेवली नाही म्हणून अडते आणि ६ उजवीकडे टाकून मोकळी होते. तिचं ऐकणं चोख आहे. ‘त्रे’ आधी ऐकू आलं म्हणून तीन आधी लिहिला. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, याचा भुर्दंड सात वर्षांच्या पोराने का भरायचा?

बरं, नावांतही मेळ नाही. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट: एका पाचाची किती रूपं! २९ एकोणतीस, ८९ एकोणनव्वद, आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. त्यातल्या तेलुगू वर्गात २२ म्हणजे ‘इरवै रेंडु’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तेरडु’. वीस आधी, दोन नंतर, जसं लिहितात तसंच. मराठी वर्गातल्या मुलाला हा आधार आपण नाकारतो.

लालबागकर

पूर्ण असहमत.

संख्येची नावं मूल पुस्तकातून शिकत नाही, कानाने शिकतं. दादरच्या मंडईत ‘पासष्टला अर्धा किलो’ ऐकतं, फलाटावर ‘आठ सत्तेचाळीसची फास्ट’ ऐकतं. तिथे कोणी ‘चाळीस सात’ म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. मग शाळेत वेगळं आणि बाहेर वेगळं, असा दुहेरी भार कशाला?

मुंबईत मराठी आकडे आधीच आचके देतायत. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना ‘एकोणसत्तर’ म्हटलं की ‘म्हणजे सिक्स्टी नाइन का?’ विचारतात. उरलीसुरली मराठी शाळासुद्धा हेच करायला लागली तर ही शंभर नावं कुठे टिकणार? आज ‘सत्तावीस’ अवघड, उद्या दीडशे, अडीच हजार, पावणेदोन लाखही अवघड म्हणाल.

आणि एकक आधी बोलणं हा काही अडाणीपणा नाही. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत भूतसंख्यांनी, म्हणजे अंकांऐवजी ठरलेले शब्द वापरून, आकडे सांगायचे तेव्हा एककापासूनच सुरुवात असे. ‘अङ्कानां वामतो गतिः’, अंक डावीकडे चालत जातात. तीच रीत आपल्या बोलण्यात आहे.

कन्नमवारनगर

लालबागकर, तो दाखला माझ्याच बाजूचा आहे. भूतसंख्येत अख्खी संख्या एककापासून सांगतात, दिशा एकच राहते. आपलं तसं आहे का? ३२७ वाचा: ‘तीनशे सत्तावीस’. नजर आधी ३ वर, मग उडी मारून ७ वर, मग मागे २ वर. १,२७,४६३ घ्या: एक लाख, सत्तावीस हजार, चारशे त्रेसष्ट. ही मागेपुढे उडी एकाच वाचनात दोनदा. मोठ्यांना सवयीने जाणवत नाही, मुलांना जाणवते.

नावं काढून टाका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आधी स्थान कळू दे, नाव त्याच्या पाठोपाठ येऊ दे, एवढंच.

अक्षरी रुपये

मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलं. तुम्हा दोघांचं भांडण शंभरच्या आत चाललंय आणि खरी पडझड शंभरच्या पुढे आहे.

शंभरच्या आतली नावं पाठांतराची गोष्ट. दोन-तीन वर्षांत होतात. शंभरानंतर मराठी अगदी सरळ आहे: शे, हजार, लाख, कोटी. तरी चुका तिथेच. मुलाला ‘तीनशे पाच’ लिहायला सांगा, ३००५ लिहील. ‘तीनशे’ ऐकलं, ३०० लिहिले, ‘पाच’ ऐकलं, पुढे ५ चिकटवले. आता सांगा, ‘तीनशे पाच’ मध्ये उलटं काय आहे? काहीच नाही. अडचण ही, की बोलताना रिकाम्या घराचं नाव आपण घेतच नाही. ‘तीनशे, दशक काही नाही, पाच’ असं कोण बोलतं? लिहिताना मात्र त्या घरात शून्य टाकावंच लागतं.

मोठी माणसंही इथेच घसरतात. चेकवर अंकात १,५०,००० आणि अक्षरी ‘एक लाख पाच हजार फक्त’. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम १८ सांगतं की अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम धरायची. प्रत्यक्षात बँका असा चेक बहुधा परत करतात आणि खातेदार काउंटरवर येऊन भांडतो. ‘एक लाख पाच हजार’ म्हणजे १,०५,०००. दशहजाराचं घर रिकामं. ते शून्य गेलं की रक्कम फिरली. घराच्या कराराची ‘एक कोटी पाच लाख’ ही रक्कम अंकात लिहायची वेळ आली की शिकलेली माणसंसुद्धा शून्यं बोटाने मोजतात.

‘साठ तीन’ म्हणा नाहीतर ‘त्रेसष्ट’, यातलं काहीच त्याने सुटत नाही.

परळची बाई

काउंटरवाल्या दादांना अनुमोदन. मी निवृत्त शिक्षिका. ३००५ वर उपाय आहे आणि तो पुठ्ठ्याचा आहे.

पट्ट्या कापायच्या. शतकाची पट्टी तीन घरं रुंद, दशकाची दोन, एककाची एक. ‘तीनशे पाच’ म्हटलं की मुलाने ३०० ची पट्टी खाली ठेवायची आणि ५ ची पट्टी उजव्या कडेला जुळवून तिच्या वर ठेवायची. शेवटचं शून्य झाकलं जातं, मधलं उघडं राहतं: ३०५. मग ‘तीनशे चाळीस पाच’ करून बघायला सांगा. तीन पट्ट्या एकमेकींवर, एकही शून्य दिसत नाही, ३४५. पाच शून्याच्या पुढे लिहायचा नसतो, शून्याच्या जागी बसतो, हे पोरं हाताने शिकतात. फळ्यावर दहादा सांगून जमत नाही ते इथे जमतं.

आता ऐका लालबागकर, पट्ट्या लावताना पोरं आपोआप ‘चाळीस पाच’ म्हणतात. त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. नंतर आम्ही सगळे मिळून ‘पंचेचाळीस’ म्हणायचो. भाषा काही बुडाली नाही.

लालबागकर

बाई, पट्ट्या लावताना म्हणायला माझी हरकत नाही. छापील पुस्तकात आलं की तेच प्रमाण ठरतं, माझी भीती ती आहे.

पाणीकपात

नॉर्वेचं उदाहरण कोणीच दिलं नाही. तिथेही आपल्यासारखं ‘तीन आणि साठ’ म्हणायचे. लांबलचक दूरध्वनी क्रमांक सांगताना घोळ होतो म्हणून दूरध्वनी खात्यानेच बदल मागितला, आणि १९५१ पासून शाळा-कचेऱ्यांत दशक आधी म्हणायचं ठरलं. जुनी रीत बोलण्यात आजही आहे. म्हणजे लालबागकरांची भीतीही फोल आणि सरकारी फर्मानाने बोली बदलते हा भरवसाही.

बाकी मोठ्यांची परीक्षा घ्यायची तर पावसाळ्यातली बातमी घ्या. मुंबईच्या सात तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. लाखातली संख्या आणि मोजमाप दशलक्ष लिटरचं! हे अक्षरी नीट सांगायचं तर एक लाख चव्वेचाळीस हजार सातशे छत्तीस कोटी तीस लाख लिटर. दरवर्षी ही बातमी वाचणाऱ्या किती जणांनी हा हिशोब कधी केला असेल?

कन्नमवारनगर

काउंटरदादा, रिकाम्या घराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण दोन अडचणी वेगळ्या आहेत. ३६ आणि ६३ ची अदलाबदल पट्ट्यांनी आपोआप जात नाही, कारण कोणती पट्टी उचलायची तेच नावातून कळावं लागतं. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३० ची पट्टी उचलणारं मूल मी पाहिलंय. ‘साठ तीन’ ऐकून तशी चूक करणारं नाही.

लालबागकर, एकच विचारते. दुसरीच्या पेपरात ‘६३ अक्षरांत लिहा’ असा प्रश्न आहे. मुलाने ‘साठ तीन’ लिहिलं. गुण?

लालबागकर

दुसरीत अर्धा. चौथीत शून्य.

कन्नमवारनगर

दुसरीत पूर्ण, आणि शेजारी ‘त्रेसष्ट’ लिहून वही परत. चौथीचं तुमचं मान्य.