पेमेंट फीचरचा लोगो: रुपयाचं चिन्ह घालावं की नको?

शाईचा_डाग:
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये पैसे पाठवायचं नवीन फीचर येतंय, त्याचा लोगो माझ्याकडे आलाय. चेअरमन साहेबांना त्यात रुपयाचं चिन्ह पाहिजे, मोबाईल पाहिजे, बाण पाहिजे आणि "फास्ट वाटलं पाहिजे" म्हणून वीज पण, म्हणजे एका चौकोनात सगळी जत्राच. मी फीचरच्या नावातला नुसता "भ" घेऊन साधंसं करून दाखवलं तर म्हणे यात पैसे कुठे दिसतात? ॲपमधलं बटण, दुकानातला क्यूआर स्टँड आणि पावती, तिन्हीकडे हाच जाणारे. काय करू?

खोडरबर:
रुपया नकोच. चिन्ह छानच आहे, उदय कुमारांनी आयआयटी मुंबईत पीएचडी करताना केलेलं, २०१० ला सरकारने घेतलं, देवनागरी र आणि रोमन आर एकत्र. पण किराणाच्या बिलापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे तेच असतं, मग तुमची वेगळी ओळख काय राहिली? शिवाय बटणाएवढं बारीक केलं की वरच्या दोन आडव्या रेघा एकमेकींना चिकटतात. फोनपेचा जांभळ्यावरचा "पे" बघा, पेटीएमची दोन निळ्यातली नुसती अक्षरं बघा, कुठेय रुपया नि कुठेय मोबाईल? मास्टरकार्डने तर २०१९ मध्ये लोगोतून नावच काढलं, दोन गोल पुरले.

गल्लीतला_फ्लेक्सवाला:
मास्टरकार्डचं उदाहरण पतसंस्थेला लावू नका राव, ते गोल लोक पन्नासेक वर्षं बघतायत. इथे सभासदाला पहिल्याच दिवशी बटण सापडायला पाहिजे. म्हणून लोगोखाली ठळक "पैसे पाठवा" लिहा, मग लोगोने सगळं सांगायची गरज नाही, आणि चेअरमनना पण हेच सांगा, पटेल त्यांना. आणखी एक, स्टँडवर यूपीआयचा लोगो येणारच ना, त्याला हात लावायचा नाही, त्याचे एनपीसीआयचे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचे, नियम असतात. तुमचा लोगो भगव्या-हिरव्यात नको, शेजारी ठेवला की त्याचाच भाऊ वाटेल.

आडवी_रेघ:
"भ" ची आयडिया चांगलीय पण एक गोची आहे. भ च्या शिरोरेषेत डावीकडे जी फट असते ना, बारीक साइझला ती बुजते आणि सरळ म दिसतो. थ, ध ला पण हेच. फॉन्टमधला भ उचलू नका, स्वतः काढा, फट मुद्दाम रुंद ठेवा, वाटलं तर ती फटच तुमची खूण करा.

आणि आधी काळ्या रंगात करा. थर्मल पावतीवर रंग नसतोच, ग्रेडियंटचे, म्हणजे फिकट-गडद होत जाणाऱ्या छटेचे, नुसते ठिपके येतात, तिथे जो टिकला तो सगळीकडे टिकतो. क्यूआरच्या मधे टाकणार असाल तर एरर करेक्शन (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणूनची सोय) एच या सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवा, त्यात साधारण ३०% भाग झाकला गेला तरी कोड वाचता येतो असं धरतात, पण म्हणून तेवढा लोगो ठोकू नका, स्टँडवर ओरखडे, धूळ, लॅमिनेशनची चकाकी असतेच. कोपऱ्यातले तीन चौकोन अजिबात झाकायचे नाहीत.

शाईचा_डाग:
अरे बाप रे, आत्ता बारीक करून बघितलं, खरंच म दिसतोय 😅 फट वाढवली तर तुटल्यासारखं वाटतंय पण, शिरोरेषाच काढून टाकू का?

आडवी_रेघ:
नको हो, मग अजूनच म वाटेल. रेघ ठेवा, जाड करा, आणि डावीकडच्या गाठीत थोडी जास्त मोकळी जागा द्या. मग प्रिंट काढून काउंटरवर ठेवा, गिऱ्हाईक उभं राहतं तिथून बघा, आणि ज्याने आधी पाहिलेला नाही अशा कुणालातरी वाचायला सांगा.

खोडरबर:
फायनल करायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर सर्च मारा, ट्रेडमार्कच्या वर्गवारीत क्लास ३६ मध्ये आर्थिक सेवा आणि ९ मध्ये ॲप येतात, दोन्ही बघा. बिल मात्र चेअरमनच्या जत्रेचं लावा 😄