मदत हवी आहे: पेपरात फोटो काळे छापून येतायत, पालखी तोंडावर आलीय

नवाफोटोवाला
मंडळी जरा लवकर सांगा. नुकताच एका दैनिकात फोटोग्राफर म्हणून लागलोय, फलटणला. फोटो माझ्या स्क्रीनवर एकदम छान दिसतात पण सकाळी पेपर उघडला की सगळ्यांचे चेहरे काळे, डोळेसुद्धा दिसत नाहीत. ऑफिसातून रोज फोन येतो की उजेडात काढत जा. माऊलींची पालखी लोणंदला आली की मला चांदोबाच्या लिंबावर उभं रिंगण (वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा धावतो ते) टिपायचंय, तिथे असे फोटो आले तर काही खरं नाही. काय सेटिंग ठेवू?

सह्याद्रीचा_वारा
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, कसले फोटो, फ्लॅश वापरता का, एडिट कशावर करता? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सेटिंग कसं सांगणार?

लग्नसराई
फ्लॅश घ्या भाऊ, विषय संपला. मी इतकी वर्षं लग्नं करतोय, फ्लॅशशिवाय मंडपात पाऊल टाकत नाही. वर छताकडे वळवून मारायचा, चेहरे कसे उजळून निघतात बघा.

टेकडीवरचा
अहो मंडपाला छत कुठलं? वर गुलाबी नाहीतर भगवं कापड असतं, त्यावरून उजेड फिरला तर अख्खं व्यासपीठ गुलाबी होतं. लग्नाच्या अल्बमला दुरुस्त करायला आठ दिवस मिळतात. इथे तालुक्याचं पान संध्याकाळी सुटतं.

लग्नसराई
मग समोरून मारा. काळं येण्यापेक्षा बरं.

नवाफोटोवाला
निकॉन डी५६०० आहे ऑफिसचा, लेन्स १८-५५ आणि ७०-३०० एमएम. फ्लॅश आहे पण व्यासपीठावर लांब पडतो. सत्कार, उद्घाटनं, शाळेची बक्षिसं, बाजार समितीची बैठक असलं सगळं. एडिट मोबाईलवरच, मग व्हॉट्सॲपवर डेस्कला.

पुणेरी_पिक्सेल
सापडलं! व्हॉट्सॲप फोटो दाबतं, म्हणून खराब येतात. डॉक्युमेंट करून पाठवा.

सह्याद्रीचा_वारा
दाबतं हे खरं पण त्याने तपशील जातो, चेहरे काळे होत नाहीत. पेपरला २०० पीपीआय (इंचाला २०० पिक्सेल) पुरतो, तीन कॉलमचा फोटो साधारण पाच इंच, म्हणजे हजारेक पिक्सेल झाले, तेवढे व्हॉट्सॲपमधूनही पोचतात. डॉक्युमेंट करून पाठवा हे बरोबरच, पण दुखणं दुसरीकडे आहे.

रसिका_के
थोडं अवांतर, पण नोकरीला लागताना सही केलेलं पत्र नीट वाचलंत का? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पेपरच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा हक्क मालकाकडे फक्त पेपर-मासिकात छापण्यापुरता जातो, बाकी हक्क फोटो काढणाऱ्याचा. वारीचे फोटो पुढे पुस्तकात, कॅलेंडरला मागतात लोक. आत्ताच बघून ठेवा.

नवाफोटोवाला
ताई ते बघतो नंतर, आधी काळं का येतं ते कोणीतरी सांगा.

जुना_डेस्कवाला
मी अनेक वर्षं जिल्हा आवृत्तीचं पान लावलंय, सांगतो. इथे दोन गोष्टी एकावर एक बसल्यात.

पहिली छपाईची. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका पसरतो, प्रेसवाले त्याला डॉट गेन म्हणतात. ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७५ च्या आसपास दिसतो. आपली सावळी माणसं आणि वरून मंडपाची सावली म्हणजे चेहरा नेमका त्याच मधल्या टोनमध्ये येतो आणि तोच बुडतो. त्यात तू मोबाईलवर ब्राइटनेस फुल करून बघणार, तिथे सगळं उजळच दिसतं. ब्राइटनेस निम्म्यावर आण आणि चेहरा तुला जरा जास्तच उजळ वाटेल इथपर्यंत मधले टोन वर घे. पूर्ण फोटो पांढरा करू नकोस, नाहीतर आकाश आणि शर्ट कागदावर कोरेच राहतात.

दुसरी काढतानाची. व्यासपीठावर कोण असतं? सगळे पांढऱ्या कपड्यात, मागे उजळलेला फ्लेक्स. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो फोटो खाली ओढतो, कपडे राखाडी आणि चेहरे काळे. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम जास्त उजेड घ्यायला लावणारं सेटिंग, +०.७ ते +१ ठेव, किंवा स्पॉट मीटरिंग (उजेड फक्त एका जागी मोजणं) चेहऱ्यावर. ॲक्टिव्ह डी-लायटिंग चालू कर, जेपेगमध्ये सावल्या थोड्या उघडतात. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवू नकोस, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आडवे पट्टे येतात.

लग्नसराई
१/१०० ला सत्काराचा हार हलतो हो.

जुना_डेस्कवाला
हार हलू दे, चेहरा स्थिर हवा. हार घालून झाल्यावर सगळे क्षणभर थांबतात, तेव्हा काढायचा. आणि फोटोओळीसाठी वही ठेव, डावीकडून नावं तिथेच लिहून घे. काळा फोटो वाचक विसरतो, चुकलेलं नाव गाव वर्षभर विसरत नाही.

टेकडीवरचा
सहमत. शिवाय पोलिस ठाण्याच्या बातम्या आल्या की अत्याचार झालेल्या मुलीचा, तिच्या घराचा, शाळेचा फोटो द्यायचा नाही. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आहे. चेहरा ब्लर करून भागत नाही, घरावरून गाव ओळखतं.

पुणेरी_पिक्सेल
मी म्हणतो मिररलेस घ्या, स्क्रीनवर आधीच दिसतं उजेड किती ते.

सह्याद्रीचा_वारा
ऑफिसचा कॅमेरा आहे हो. स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर ५० एमएम १.८ लेन्स घे (हा आकडा लहान तितका उजेड जास्त), ५५ ला तुझी किट लेन्स ५.६ वर जाते, त्यापेक्षा नऊपटीहून जास्त उजेड मिळतो.

नवाफोटोवाला
हां काका, हे पांढऱ्या कपड्यांचं पटलं. बाजार समितीच्या बैठकीचे फोटो बघितले, ज्यात शेतकरी रंगीत शर्टात आहेत ते बरे छापलेत. म्हणजे वारीत तर सगळेच धोतर-टोपीत, तिथे पण +१ का? घोडा धावणार त्याचं काय?

जुना_डेस्कवाला
आभाळ भरलेलं असेल तर +०.७. कडक ऊन असेल तर आधी एक काढून बघ, टोप्या नुसत्या पांढऱ्या होऊन गेल्या तर +०.३ वर ये. घोड्याला शटर १/१००० पेक्षा हळू ठेवू नकोस, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० लागला तरी लाव, न्यूजप्रिंटवर तो दाणा दिसतसुद्धा नाही. एएफ-सी (हलत्या गोष्टीवर फोकस धरून ठेवणारं सेटिंग) ठेव. घोडे दोन असतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माऊलींचा. दोन्ही एका चौकटीत आले तर पहिल्या पानाचा फोटो. पण उभ्या रिंगणात घोडा दिंड्यांच्या मधून रथापर्यंत जाऊन परत फिरतो, म्हणून दोन वेळा मिळतो, पहिल्या वेळेला अंदाज घे. घोडा गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात, तिकडे पाठ फिरवू नकोस. बाकीचे सगळे घोड्यामागे कॅमेरे फिरवतात आणि हा फोटो सुटतो.

रसिका_के
हे वाचूनच अंगावर काटा आला. आमच्या आजी दरवर्षी तरडगावपर्यंत चालायच्या.

नवाफोटोवाला
आजचा शाळेचा कार्यक्रम +०.७ ला काढून डॉक्युमेंट करून पाठवलाय, उद्या पान बघून टाकतो इथे. शिडी नेली तर चालेल का रिंगणाला? गर्दीतून दिसणार कसं?

जुना_डेस्कवाला
शिडी नको. गर्दीचा रेटा आला तर तू पडशील आणि खाली एखादी म्हातारी सापडेल. जिल्हा माहिती कार्यालयात पासचं विचार आणि दुपारीच जाऊन रस्त्याकडेची उंचवट्याची जागा धर. चोपदार सांगतील तिथून पुढे जायचं नाही.