मुलींच्या लॅक्रोस संघासाठी स्टिक आणि गणवेश घ्यायचेत, सल्ला हवाय (खानापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी पीटी शिकवते. आमच्या भागात हॉकी मुरलेली आहे. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले बंडू पाटील बेळगावचेच. त्यामुळं पोरीच्या हातात स्टिक दिली म्हणून घरचे कुणी अडवत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं, त्यात क्रिकेटबरोबर लॅक्रोसही (टोकाला जाळी असलेल्या स्टिकनं चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ) २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी घेतलं गेलं. तेव्हापासून नववीच्या मुली मागं लागल्यात. ऑलिंपिकमधला ‘सिक्सेस’ प्रकार आम्हाला झेपेल असा आहे: मैदानात सहा जणी, संघ बारा जणींचा, मैदान ७० बाय ३६ मीटर, आठ-आठ मिनिटांचे चार भाग.

गावातून आणि माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी जमली आहे. पैसा लोकांचा आहे, एकदाच खर्च होणार, म्हणून मागवण्याआधी इथं विचारते. बेळगावात खडेबाजारात चौकशी केली. हॉकी, क्रिकेट, कबड्डीचं सगळं मिळतं, हे मात्र बाहेरूनच मागवावं लागेल.

स्टिकचं आधी सांगते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीनं पुण्याहून तिची वापरलेली स्टिक सरावाला पाठवली आहे. स्टिकच्या डोक्यात, म्हणजे टोकाच्या प्लॅस्टिकच्या चौकटीत, चामड्याच्या वाद्या उभ्या ताणलेल्या आणि त्यांतून आडवी दोरी विणलेली आहे. जूनमध्ये मुलींनी ती भिजवली. वाद्या सैल पडल्या, पॉकेट (चेंडू बसतो तो खोलगट भाग) खाली लोंबायला लागलं, आणि वाळल्यावर वाद्या वाळक्या शेंगेसारख्या कडक झाल्या. आता चेंडू आत बसतो, पण फेकताना सुटत नाही, जमिनीवर आपटतो. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलींची तर दप्तरंसुद्धा चार महिने ओलीच असतात. अशा हवेत वाद्यांची स्टिक घ्यावी की जाळीची? दांडा अ‍ॅल्युमिनियमचा की कंपोझिटचा (कार्बनसारखे धागे आणि राळ मिळून केलेला)? डोकं आणि दांडा वेगवेगळे घेतले तर स्वस्त पडतात का?

दुसरं, शाळेत हॉकीच्या गोलकीपरचं हेल्मेट आणि पॅड आहेत. तेच वापरले तर बरीच बचत होईल. चालेल का?

आणि गणवेश. मुलींना पांढरा हवाय. आमची माती तांबडी, एका सरावात पांढऱ्याचा विटकरी होतो आणि तो डाग जन्मात जात नाही. पालकांचं म्हणणं, पाय झाकलेले असावेत. नाव मराठीत की कन्नडमध्ये यावरही शिक्षकांच्या खोलीत चर्चा रंगली आहे. नियम काय सांगतो तेवढं कळलं तर बरं.

प्रतिसाद १

ताई, पहिल्यांदा हेल्मेटचं, कारण ते जिवाचं आहे. हॉकीचं हेल्मेट अजिबात वापरू नका. हॉकीचा चेंडू साधारण सव्वासात सेंटीमीटर व्यासाचा, लॅक्रोसचा साडेसहाच्या आतला. हॉकीच्या हेल्मेटच्या तोंडावरच्या जाळीतलं अंतर मोठ्या चेंडूच्या हिशेबानं ठेवलेलं असतं. त्यात १४०-१५० ग्रॅमचा टणक रबरी गोळा वेगानं आला तर काय होईल बघा की. लॅक्रोसचंच हेल्मेट, गळ्याच्या संरक्षकासह, आणि छातीचा संरक्षक घ्या. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला मार हृदयाचे ठोके बिघडवू शकतो, तिथं काटकसर नको. हॉकीचे फुगीर पॅडही सामन्यात चालत नाहीत, पळताही येत नाही. बाकी मुलींना लॅक्रोसचे डोळ्यांचे गॉगल आणि माउथगार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक) सक्तीचे. गॉगलवर एएसटीएम एफ३०७७ (ASTM F3077) हे सुरक्षेचं मानक लिहिलंय का ते बघून घ्या. वर्गणीतला पहिला खर्च हा, मग स्टिक.

प्रतिसाद २

मी परदेशात शिकताना मुलींच्या संघातून खेळले आहे. तुमच्या पावसात जाळीच घ्या, तीही मेण लावलेली. साधी मऊ जाळी पाणी पिते आणि पॉकेट खोल होतं. भिजल्यावर सावलीत वाळवायची, उन्हात नाही.

दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. पोचे पडतात, पण शिकताना चालतं, आणि तुटत सहसा नाही. डोकं-दांडा वेगळे घेऊ नका. मुलींचे दांडे पूर्वापार मुलांच्यापेक्षा बारीक असतात, एकाचं डोकं दुसऱ्यावर बसलंच नाही असं होतं. तयार, जोडलेली स्टिक घ्या. लांबी ९० ते ११० सेंटीमीटरमध्ये हवी, गोलकीपरची १३५ पर्यंत चालते. लांब वाटली तर करवतीनं कापा, ९० च्या खाली जाऊ नका, आणि कापलेल्या टोकावर रबरी टोपी घालायला विसरू नका.

रोज सरावाआधी एक बघायचं: स्टिक आडवी धरून डोळ्यांसमोर आणा, चेंडू आत टाका. प्लॅस्टिकच्या कडेवर चेंडूचा माथा दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर पॉकेट खोल झालंय, खालच्या दोऱ्या आवळा. तुमच्या जुन्या स्टिकचंही तेच झालं असणार. टाकू नका, नवीन वाद्या ओवता येतात. मुलींना ओवायला शिकवलंत तर पुढची दुरुस्ती घरच्या घरी होईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हॉकीचं हेल्मेट बाद, आजच मुख्याध्यापकांना सांगते. गॉगल आणि माउथगार्ड मी यादीत खाली टाकले होते, ते वर घेतले. गणवेशाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद २

गणवेशात रंगापेक्षा आकडा महत्त्वाचा. पुढं साधारण १५ आणि मागं २० सेंटीमीटर उंचीचा, कापडाच्या रंगावर ठसठशीत उठणारा, १, २, ३ असाच आंतरराष्ट्रीय आकडा. नाव कुठल्याही लिपीत घाला, पण ते आकड्याला झाकणार नाही असं. पांढऱ्याऐवजी फिकट निळा घ्या, आणि समोरचा संघही फिकट आला तर म्हणून गडद रंगाची हलकी जाळीदार बंडी वरून घालायला ठेवा. शॉर्टच्या आत सगळ्यांनी एकाच रंगाची लेगिंग घातली तर पालकांचंही समाधान होईल. कापड पॉलिस्टर, छपाई सब्लिमेशनची, म्हणजे रंग कापडातच मुरतो अशी. रबरी छपाई धुवून धुवून सोलते. गोलकीपरचा जर्सी दोन मापं मोठा शिवून घ्या, तो छातीच्या संरक्षकावरून चढवायचा असतो.

धागाकर्ती

मापाचं लक्षात आलं नसतं, बरं झालं सांगितलंत. मग आधी संरक्षक येऊ दे, तो घालूनच तिचं माप टेलरकडं देते. आता एवढंच सांगा, सरावाला रोज किती चेंडू लागतील? आमच्या मैदानाच्या एका बाजूला ओढा आहे, पावसाळ्यात तिकडं गेलेला चेंडू परत मिळत नाही.